जेवणाचं बोलावणं

शेफालीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. खराडीच्या एका कंपनीत नोकरी करणारी, नागपूरकडची ही मुलगी वाघोलीच्या सोसायटीत भाड्याने राहायला आली आणि इथल्या लोकांना चांगले सिनेमे दाखवायचं तिने मनावर घेतलं. पहिलाच सिनेमा परदेशी निवडला. खाणं, घर आणि प्रेम असा त्याचा विषय. मूळ नाव उच्चारताना जीभ अडखळत होती, म्हणून तिने त्या नावाचा सरळ मराठी अर्थ घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘जेवण. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, क्लबहाउस. सर्वांनी सहकुटुंब यावे.’ सिनेमा हा शब्द तेवढा लिहायचा राहिला.

आता सहकुटुंब यावे म्हटल्यावर कुणाला सिनेमा आठवेल? ज्यांच्या ज्वारीच्या रानावर ही सोसायटी उभी राहिली ती गावातली घरंही इथेच राहत होती. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये, लिफ्टने वर-खाली करत. त्यांनी मेसेज वाचला, कुणाच्या घरचं कार्य असेल यावर दोन दिवस चर्चा केली आणि रविवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही हे ठरवून टाकलं.

ए विंगमधल्या आप्पासाहेबांनी मात्र ठाम सांगितलं की ते जाणार नाहीत. फोनवर आलेलं बोलावणं त्यांच्या लेखी बोलावणंच नव्हतं. पान वाढायला घेतलं की माणसाने दारात येऊन ‘चला’ म्हणायला हवं, ही गावची रीत, आणि त्या रीतीपुढे त्यांनी आजवर भूकही मानली नव्हती. सरुबाईंनी मान डोलावली आणि तरीही जरीकाठाचं लुगडं काढून ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की नवरा नाही म्हणाला तरी लुगड्याला इस्त्री करून ठेवायला हरकत नसते.

आणि झालंही तसंच. लोक विसरतील या भीतीने शेफाली पावणेपाचला स्वतःच घरोघर फिरली. आप्पासाहेबांच्या दारात उभी राहून म्हणाली, “काका, काकू, चला ना. सगळे यायला लागलेत.” आप्पासाहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन फेटा बांधला. बिचाऱ्या पोरीला पत्ताही नव्हता की तिने गावची सगळ्यात मोठी रीत कुठेही न चुकता पार पाडली होती.

सरुबाईंना मात्र एक जुनं लग्न आठवलं. कारण हेच एवढंसं बोलावणं सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या दारात आलं नव्हतं.

ते लग्न होतं श्रद्धाचं. श्रद्धा म्हणजे आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ सीताराम याची मुलगी. दोन्ही भावांची घरं तोवर वेगळी झाली होती, तरी हळदीच्या दिवशी सरुबाई पहाटेपासून सीतारामच्या घरी राबत होत्या. सुशीला, म्हणजे सीतारामची बायको, सरुबाईंची जाऊ. दोघींनी मिळून पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, शेजारी शेजारी बसून हसत-खिदळत. दुपारी सरुबाई आंघोळीला म्हणून घरी आल्या. पंगत मांडल्यावर भावकीत घरोघर माणूस फिरला, ‘जेवायला चला’ म्हणत. आप्पासाहेबांच्या दारात कुणी आलं नाही. थोरल्या भावाला पहिलं बोलावणं, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. सख्ख्या भावाला बोलावणं धाडलं तर त्याला परका केल्यासारखं होतं, तो तर घरचा यजमान, असं सीतारामचं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं. आप्पासाहेब फेटा बांधून खुर्चीत बसले ते दिवस मावळेपर्यंत बसले. सरुबाईंच्या हाताला पुरणाचा वास येत होता आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं एकमेकांकडचं अन्नपाणी बंद झालं.

पुरुषांचं ठीक होतं. त्यांना पारावर बसायला गाव होता. पण सरुबाई आणि सुशीला तीस वर्षं एका चुलीपुढे बसल्या होत्या. एकीने भाकरी थापायची, दुसरीने भाजायची. एकीचं बाळंतपण दुसरीने केलं होतं. आता एक ए विंगमध्ये, एक बी विंगमध्ये, मधे एवढासा हिरवळीचा चौकोनी तुकडा, आणि समोर आल्या तर दोघी मोबाइलमध्ये बघायच्या. सुशीलाला तर मोबाइल धड वापरताही येत नव्हता.

आणि आठ दिवसांपूर्वी कामवालीने बातमी आणली होती. सीताराम दसऱ्यानंतर फ्लॅट भाड्याने देऊन श्रद्धाकडे नाशिकला जाणार होता, कायमचा. सुशीलाही जाणार, हे वेगळं सांगायला नको. सरुबाईंनी ते ऐकलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं. एकदा नाशिकला गेली की ती परत कशाला येते? मग कुणाच्या तरी मयताला समोरासमोर यायचं आणि पदराआडून रडायचं, एवढंच उरणार होतं.

क्लबहाउसमध्ये शिरल्यावर सरुबाईंनी आधी जाऊ कुठे बसलीय ते पाहिलं. मधल्या वाटेच्या पलीकडे, एक ओळ पुढे. तीही नटून आली होती. मग त्यांनी जेवण कुठे मांडलंय ते पाहिलं. कुठेच नव्हतं. ओळीने खुर्च्या, समोर पांढरा पडदा, आणि दारात शेफाली प्रत्येकाच्या हातात पॉपकॉर्नचा कागदी ग्लास देत उभी. फेटेवाले, टोपीवाले ग्लासात डोकावून बघत होते. एका म्हातारबाने हळूच विचारलं की पत्रावळी कुठे आहेत. त्यावर बुधवार पेठेतून इकडे राहायला आलेले खाडिलकर वळले आणि म्हणाले, “आजोबा, जेवण दाखवणार आहेत. वाढणार नाहीत.”

शेफालीला काय घोटाळा झाला ते तेव्हा कळलं. ती कानशिलापर्यंत लाल झाली. माफी मागायला लागली, बाहेरून काही मागवते म्हणाली. पण आल्यापावली उठून जायचं हे यजमानाचा अपमान करण्यासारखं, आणि यजमान कोण तर ही कालची पोर. आप्पासाहेब खुर्चीत टेकले, ग्लास मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “आलोय तर बघू.” ते बसले म्हणून बाकीचेही बसले. दिवे गेले.

पडद्यावर बर्फ आलं. सरुबाईंनी बर्फ पाहिलं होतं ते फ्रीजरमध्ये, वाटीएवढं. हे क्षितिजापर्यंत होतं. समुद्रसुद्धा थिजलेला. त्या पांढऱ्या पसाऱ्यात एक लाकडी घर, घराच्या धुराड्यातून धूर, आणि आत चुलीपाशी एक म्हातारी. गोरी, निळ्या डोळ्यांची, डोक्याला रुमाल बांधलेली. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती सरुबाईंना वाचता येत नव्हती. शेफाली उठून अर्थ सांगणार होती, पण तिने एकदा सभागृहावरून नजर फिरवली आणि खाली बसली. कुणी चुळबुळसुद्धा करत नव्हतं.

म्हातारी दोन ताटं मांडायची. एका ताटापुढे कुणी बसायचं नाही. भिंतीवर कोटाला खुंटी होती आणि कोट अजून तिथेच होता. एवढ्यावरून सगळ्यांना कळलं की तिचा नवरा गेलाय. मागच्या ओळीतली कुणी बाई हळूच म्हणाली, “आई गं.”

मग म्हातारीने पीठ मळायला घेतलं. पडद्यावर नुसते तिचे हात दिसत होते, खाटेएवढे मोठे. शिरा, सुरकुत्या, नखात अडकलेलं पीठ. पीठ मळून झालं तसा तिने एक लहानसा गोळा मोडून घेतला आणि तो भांड्याच्या कडेने गोल फिरवला. कडेला चिकटलेलं सगळं पीठ त्या गोळ्यात आलं, भांडं लख्ख झालं, आणि तो गोळा तिने परत कणकेत दाबून टाकला.

सरुबाई खुर्चीत पुढे वाकल्या. हे त्या रोज करत होत्या. त्यांची सासू करायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, याला काही नाव नव्हतं, हे कुणी कधी कुणाला सांगितलंही नसेल. आणि तिकडे, जिथे समुद्र दगड होतो तिथे, ही निळ्या डोळ्यांची बाई तेच करत होती. हे तिला कुणी सांगितलं? सरुबाईंना एकदम असं वाटलं की सगळ्या पृथ्वीवर या क्षणी बायका परातीच्या कडा पुसून घेतायत, आणि आपण त्यांच्यातल्या एक आहोत. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं त्यांना झालं. मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात आपोआप गोल फिरला.

त्यांनी पलीकडे पाहिलं. पडद्यावरच्या बर्फाचा उजेड सुशीलाच्या अंगावर पडला होता. तिचाही हात मांडीवर गोल फिरत होता.

पुढे सिनेमात एक कोळी आला. वयस्क, दाढीवाला, फारसा न बोलणारा. तो रोज पहाटे एक मासा म्हातारीच्या दाराशी ठेवून निघून जायचा. दार वाजवायचा नाही. म्हातारी मासा आत घ्यायची, शिजवायची, दोन ताटांत वाढायची, एक तसंच ठेवायची. तिची शहरातली मुलगी आली, रागावली, रडली, निघून गेली. मग एक दिवस म्हातारीने मासा आत घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाराशी मासे साठत गेले, बर्फात लाकडासारखे कडक होऊन पडले. कोळी यायचा, ते बघायचा आणि नवा मासा ठेवून जायचा. सरुबाईंना त्याचा इतका राग आला की त्या मनातल्या मनात ओरडल्या, अरे मेल्या, दार उघड की. तुला कुणी अडवलंय?

आणि त्याने उघडलं. न वाजवता, न हाक मारता. बूट दारात काढून आत गेला. म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. चूल पेटवली, तिचा कमरेचा फडका स्वतःला बांधला आणि कांदा चिरायला बसला. वाईट चिरला. रस्सा खाली लागला. सभागृहातल्या बायका चुकचुकल्या. त्या वासाने म्हातारी उठली, येऊन बसली, एक घास घेतला, तोंड वाकडं केलं. मग ती उठली, मीठ घातलं, त्याला खांद्याला धरून दुसऱ्या ताटापुढे बसवलं आणि वाढलं. ज्या ताटापुढे कुणी बसत नव्हतं त्या ताटापुढे. सिनेमा तिथेच संपला.

दिवे लागले तरी कुणी उठेना. खाडिलकर चष्मा पुसत होते आणि पॉपकॉर्न फार मऊ पडले होते अशी तक्रार करत होते. आप्पासाहेब पडद्याकडेच बघत होते, तिथे आता काही नव्हतं तरी. शेफाली भिंतीशी अंग चोरून उभी होती. सरुबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली आणि बाहेर पडल्या.

बाहेर अजून संधिप्रकाश होता. हिरवळीपाशी आल्यावर आप्पासाहेब ए विंगकडे वळले, सरुबाई बी विंगकडे.

“अगं, तिकडं कुटं?”

“भूक लागलीया,” सरुबाई म्हणाल्या.

“बोलवलंय का कुणी?”

“न्हाई.”

एवढं बोलून त्या चालायला लागल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा पाऊल उचललं गेलं नसतं. लिफ्टमधून वर गेल्या. सीतारामचं दार उघडंच होतं, ती दोघं नुकतीच आत आली होती. सीताराम कोचावर टोपी काढत होता. तो तसाच राहिला, टोपी अर्धी हातात. सरुबाईंनी चपला दारात काढल्या आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेल्या. या स्वयंपाकघरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. तरी परात कुठे असेल ते त्यांना शोधावं लागलं नाही, कारण सुशीला ती पूर्वीही उजव्या हाताला, भिंतीशी उभी ठेवायची.

सुशीला ओट्याशी उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

“पीठ कुटं ठिवतीस?” सरुबाईंनी विचारलं.

सुशीलाने बोटाने दाखवलं. सरुबाईंनी पीठ घेतलं, जमिनीवर बसल्या, पाणी मागितलं. सुशीलाने तांब्या पुढे केला. मग तिने कांदा घेतला, डाळीच्या पिठाचा डबा काढला, तवा चढवला. थोड्या वेळाने नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि फोडणीचा. सरुबाई थापत होत्या, सुशीला भाजत होती. मधली सगळी वर्षं कुणी काढून घेतल्यासारखी गेली.

“त्या बाप्यानं आधी मीठ घातलं असतं तर एवडं झालं नसतं,” सरुबाई खाली बघतच म्हणाल्या.

“घातलं हुतं की त्यानं आधी. आक्का, तुमी माझ्याकडं बघत हुतासा.”

“तूबी माझ्याकडं बघत हुतीस म्हून तुला कळलं ना.”

यावर सुशीला हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. कांद्याचं निमित्त होतंच. सरुबाईंनी तिला बघितलं नसल्यासारखं केलं. त्यांना इतकं भरून आलं होतं की आता भाकरी कशीही झाली तरी चालेल असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

ताटं घेतली. सीताराम येऊन बसला, पण त्याने हात पुढे केला नाही. सरुबाईंच्याही हातातला घास ताटातच राहिला. पलीकडच्या विंगमध्ये एक माणूस फेटा बांधून, उपाशी, बंद गॅसशेजारी बसलाय हे त्या तिघांच्याही डोळ्यांपुढे येत होतं. तेवढ्यात बाहेर जिन्यात पावलं वाजली. लिफ्ट सोडून कुणी तरी जिना चढून आलं होतं, दम लागलेला ऐकू येत होता.

आप्पासाहेब दारात उभे होते. उंबऱ्याबाहेर. फेटा तसाच होता. ते इथवर आले होते, एवढंच त्यांना जमलं होतं, पुढचं एक पाऊल त्यांच्याने उचलवत नव्हतं. सीताराम उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. या म्हटलं तर ते बोलावणं ठरणार, आणि एवढ्या वर्षांनी ते दिलं तर आपलं तेव्हाचं म्हणणं खोटं पडणार. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत उभे राहिले. सरुबाईंच्या ओठावर शब्द आला होता, पण त्यांनी तो गिळला. त्यांनी हाक मारली असती तर ती बायकोची हाक झाली असती, या घराची नाही. एवढं जवळ येऊन हे सगळं पुन्हा मोडणार, असं त्यांना वाटलं.

सुशीला ओट्याशी होती. एका हातात पिठल्याचा डाव, दुसऱ्या हातात उलथनं, तव्यावर फुगलेली भाकरी. ती या घराण्यात सून म्हणून आली तेव्हापासून थोरल्या दिरासमोर पदर खाली येऊ न देता वावरली होती. त्यांच्याशी ती कधी बोलली नव्हती. ते समोर बसलेले असले तरी ‘आक्का, दादांना सांगा, पाणी तापलंय’ असं ती सरुबाईंना सांगायची आणि आप्पासाहेब ‘बरं म्हणावं’ असं सरुबाईंनाच उत्तर द्यायचे. तीस वर्षं एका घरात तसंच चाललं, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला कधी वाटलं नाही.

तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. सावरायला हात मोकळा नव्हता. तिने तो तसाच राहू दिला आणि सरळ दाराकडे बघितलं.

“दादा,” ती म्हणाली, “उबं का? भाकरी निवायली.”

आप्पासाहेब तिच्याकडे बघत राहिले. हा आवाज त्यांनी भिंतीआडून, चुलीपुढून, अंगाईतून हजारदा ऐकला असेल, पण तो आजवर त्यांच्यासाठी निघाला नव्हता. त्यांचे डोळे मोठे झाले होते. मघाशी पडद्यापुढे बसले होते तसेच ते आत्ता या बाईपुढे उभे होते, तिचे पांढरे केस, घामेजलेलं कपाळ, हातातला डाव बघत.

त्यांनी वाकून जोडे काढले. त्याला जरा वेळ लागला. आत आले, सीतारामच्या शेजारी मांडी घालून बसले, फेटा काढून बाजूला ठेवला. सुशीलाने त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली. आप्पासाहेबांनी ती मोडली, पण घास तोंडात घातला नाही. मान वर केली आणि ते बोलले. सरुबाईंना वाटलं, नेहमीसारखं आपल्याला काही सांगतील. पण ते सुशीलाशी बोलत होते.

“नाशिकला जाऊ नगंस, पोरी.”

सुशीलाने पातेलं उचललं, त्यांच्या ताटाशी येऊन वाकली आणि त्यांनाच विचारलं, “पिठलं वाढू का?”